लेंड्या, मांजराची घाण आणि चार महिन्यांची चिंगी

प्रश्न : आम्ही फलटणजवळ वाडीवर राहतो. गावठी कुत्रीचं एक पिल्लू पाळलंय. नाव चिंगी, वय चार महिने, वजन सहा किलो. तिला घाण खायची सवय लागली आहे. शेजाऱ्यांच्या शेळ्या आमच्या दारावरून जातात, त्यांच्या लेंड्या ती वेचून खाते. बांधकामाच्या वाळूत मांजरं घाण करतात, ती उकरून खाते. आता तर स्वतःची शीसुद्धा सोडत नाही. नाक घासून पाहिलं, शीवर तिखट टाकलं, जेवणात अननस दिला, ऑनलाइन एक पावडर मागवली. तोंडातून काढायला गेलं की पटकन गिळते, परवा मिस्टरांवर गुरगुरली. जेवण सकाळ-संध्याकाळ दूध-चपाती. धाकटा पाच वर्षांचा आहे, तो दिवसभर तिच्या गळ्यात पडलेला असतो. सासूबाई म्हणतात, हिला कॅल्शियम कमी पडतंय, नाहीतर सोडून द्या हिला. दिवाळीत आठ दिवस गावाला जायचंय, तेव्हा त्याच शेजाऱ्यांकडे तिला ठेवायचा विचार आहे. काय करावं?

उत्तर : ताई, एक काम आजपासूनच करा. नाक घासणं, तिखट टाकणं आणि जबड्यात बोटं घालणं हे तिन्ही प्रकार बंद. चिंगीची गुरगुर या तिसऱ्या प्रकारातूनच आली आहे. माणूस धावत आला की तोंडातलं जातं, एवढंच तिला कळलंय. त्यावर तिच्याकडे दोन उपाय आहेत, लवकर गिळणं आणि दात दाखवणं. दोन्ही ती शिकली. नाक घासल्यानं तर उलटंच होतं. शी दिसली की मार बसतो असं ठसलं की काही पिल्लं आडोशाला जाऊन करतात, काही केलेली शी खाऊनच टाकतात. घरात फरशीवर करणाऱ्या पिल्लांत हे फार दिसतं. आणि तिखटानं तोंड आणि पोट जळतं, पण तिखट नसलेल्या शीबद्दल तिला त्यातून काहीच कळत नाही.

ही सवय घाणेरडी वाटली तरी कुत्र्याच्या जातीला ती परकी नाही. पिल्लं पहिले तीन आठवडे स्वतःहून शी-शू करू शकत नाहीत. आई चाटते तेव्हा होते, आणि जागा स्वच्छ राहावी म्हणून ती ते खाते. पुढे पिल्लं जग तोंडानं तपासतात, त्यात हेही येतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 2018 मध्ये कुत्र्यांनी कुत्र्यांचीच शी खाण्यावर एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. साधारण 16 टक्के कुत्री हे वारंवार करताना आढळली, आणि खाल्लेली शी बहुतेक वेळा दोन दिवसांच्या आतली, म्हणजे ताजी होती. तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. शीची चव बिघडवणाऱ्या 11 तयार पावडरी-गोळ्यांबद्दल मालकांना विचारलं, तर एकीचंही यश 2 टक्क्यांच्या वर गेलं नाही. म्हणजे ती पावडर आणि तो अननस बाजूला ठेवा. पैसे गेले ते गेले.

त्याच पाहणीत रागावणं, हाकलणं यांचाही उपयोग झालेला दिसला नाही, आणि नुसती ‘सोड’ म्हणून शिकवणी देण्याचे आकडेही हुरूप यावा असे नव्हते. आमचा सगळा भर म्हणूनच एका गोष्टीवर आहे : तिला खायला मिळूच नये. शिकवणी हवीच, पण ती तुमची नजर चुकेल तेव्हासाठी. संधी रोज मिळत राहिली तर कोणतीच शिकवणी टिकत नाही, कारण प्रत्येक गिळलेली लेंडी हे तिला मिळालेलं बक्षीस असतं, आणि ते तुमच्या बक्षिसाच्या आधी मिळतं.

आता पोटाकडे बघू. कॅल्शियम कमी म्हणून कुत्री घाण खातात, हा समज गावोगाव आहे. त्यावर भरवसा ठेवून परस्पर कॅल्शियमचं सिरप सुरू करू नका, वाढत्या पिल्लाला जादा कॅल्शियमही सोसत नाही. पण सासूबाईंचा रोख अगदीच चुकलेला नाही, जेवणात खोट आहेच. दूध-चपातीनं पोट भरतं, वाढीला लागणारी प्रथिनं पुरत नाहीत. दुधानं बऱ्याच पिल्लांना पातळ होतं, आणि अर्धवट पचलेलं अन्न शीतून बाहेर पडलं की त्या शीला अन्नाचाच वास येतो. शिवाय या वयाला दोनदाच जेवण म्हणजे मध्ये दहा-बारा तास उपास. भुकेलं पिल्लू लेंडी सोडून देईल, अशी अपेक्षा तरी कशी करायची?

पिल्लांसाठीचं कोरडं तयार खाद्य देणार असाल तर सहा किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण 150 ते 200 ग्रॅम लागतं, तीन वेळा विभागून. पिशवीवरचा तक्ता पाहा आणि बरगड्या चाचपा : हात फिरवताना लागल्या पाहिजेत, लांबून मोजता येता कामा नयेत. बदल एका आठवड्यात करा. दोन दिवस पाव भाग नवं, पुढचे दोन दिवस निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. एकदम बदललं तर जुलाब होतील आणि दोष नव्या खाद्यावर येईल. घरचंच द्यायचं असेल तर भाताबरोबर उकडलेली अंडी, बिनहाडाचं चिकन, थोडा उकडलेला भोपळा किंवा गाजर द्या. मात्र त्यात कॅल्शियम खरोखरच कमी पडतं, म्हणून किती आणि कोणतं घालायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. कांदा-लसणाची फोडणी घातलेलं काही देऊ नका, दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत.

जंतांचं औषध कधी दिलं होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. गावठी पिल्लांना गोल जंत बहुधा आईच्या पोटातूनच किंवा दुधातून येतात, त्यामुळे पिल्लू विष्ठा खात नसतं तरी ते आलेच असते. या वयात सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी औषध, हा नेहमीचा क्रम. मात्रा वजनावर ठरते. शेळ्यांसाठी आणलेल्या बाटलीतलं अंदाजानं पाजू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेताना चमचाभर ताजी शी स्वच्छ डबीत घालून न्या, शक्यतो त्याच दिवशीची. आणि ती लेंड्या खाते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. शेळीच्या जंतांची अंडी चिंगीच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर पडतात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि तिला नसलेल्या आजाराचं निदान होऊ शकतं. लसींचा कागदही बरोबर असू द्या. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून पसरतो आणि मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. पिल्लाची लसींची मालिका 16 आठवड्यांच्या आसपास पूर्ण व्हावी लागते. ती झाली नसेल तर रस्त्यावरच्या इतर कुत्र्यांची शी हा तिच्यासाठी जिवावरचा धोका आहे. त्यापुढे शेळीची लेंडी किरकोळ.

शी पांढुरकी, तेलकट आणि ढीगभर होते, पिल्लू सारखं खाऊनही वाळत चाललंय, असं असेल तर ती सवय नाही, पचनाचा आजार असू शकतो. तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

चिंगी तीन प्रकारची घाण खाते आणि तिन्हींना एकच उपाय लागू पडत नाही. सगळ्यात लवकर सुटते ती स्वतःची शी, कारण ती कधी आणि कुठे पडणार हे तुम्हाला आधी कळतं. झोपेतून उठल्यावर, दंगामस्ती झाल्यावर आणि जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत ती करणारच. त्या प्रत्येक वेळी गळ्यात दीड-दोन मीटरचा पट्टा बांधून तिला रोज एकाच कोपऱ्यात घेऊन जा. खिशात खाऊ हवा : उकडलेलं चिकन किंवा पनीर, मटाराच्या दाण्याएवढे तुकडे. मीठ-मसाला नको.

आता तिच्याकडे नीट बघा. नाक जमिनीला लावून ती गोल फिरेल, पाठ वाकवेल, शी करेल. उठल्यावर मागच्या पायांनी माती उडवेल किंवा नुसती शेपूट झटकेल, आणि मग मान वळवून मागे वास घ्यायला वळेल. सगळा खेळ त्या वळण्यात आहे, तुमच्या हातात जेमतेम दोन सेकंद असतात. ती उठते न उठते तोच खाऊ तिच्या नाकाशी धरा, ‘ये’ म्हणत तीन-चार पावलं मागे सरका, आणि पाच-सहा तुकडे जमिनीवर विखरून टाका. एकच मोठा तुकडा दिला तर तो गिळून ती लगेच मागे पळेल. विखुरलेले तुकडे नाकानं शोधण्यात पंधरा-वीस सेकंद जातात आणि तेवढ्यात दुसऱ्या हातानं कागदात किंवा पिशवीत शी उचलता येते. उचलताना ओरडू नका आणि झडपही घालू नका. माणूस ज्यावर झडप घालतो ते मौल्यवान असणार, असं पिल्लाला वाटतं. दोन-तीन आठवडे नेमानं केलंत की शी झाली की माणसाकडे वळायचं, हीच तिची सवय होते. मग खाऊ हातातून एक-दोन तुकडेच दिला तरी चालतो.

उचललेली शी भाजीच्या वाफ्यात किंवा घरच्या खतात घालू नका. विहीर-बोअरपासून लांब फूटभर खोल खड्डा करून त्यात टाका, वर माती लोटा. गोल जंतांची अंडी ताज्या शीत संसर्ग करण्याजोगी नसतात, मातीत पडून दोन ते चार आठवड्यांत ती तशी होतात. रोजची रोज उचलली की हा धोका जवळपास संपतो.

मांजराच्या घाणीवर शिकवणीचा वेळ घालवू नका, सरळ वाळू झाका. मांजराच्या खाण्यात मांस-मासळी जास्त, म्हणून त्याच्या विष्ठेत प्रथिनं आणि चरबी उरते. चिंगीच्या नाकाला ते जेवणच. जाड ताडपत्री टाकून कडेला विटा लावा. विटा फूट-दीड फुटावर हव्यात, चारच कोपऱ्यांवर ठेवल्या तर मांजर आणि पिल्लू दोघंही खालून शिरतात. मांजरांनाही जागा लागतेच, तेव्हा घमेलंभर वाळू परसात चिंगी पोचणार नाही अशा उंचीवर ठेवलीत तर ढिगाकडचा ओढा कमी होईल.

शेळ्यांचं प्रकरण चिवट आहे. लेंड्या बारीक, शेकड्यांनी पडलेल्या, आणि एक उचलून गिळायला तिला क्षणही लागत नाही. सगळ्या वेचणं तुम्हाला जमणार नाही, पण दारापुढची जागा जमेल. शेळ्या चरायला जातात आणि परत येतात त्या दोन वेळांनंतर खराट्यानं झाडून घ्या आणि तोवर चिंगीला आत ठेवा. अंगणाच्या कडेला अडीच-तीन फूट उंच जाळी लावली तर झाडायची जागाही कमी होते. बाकी वाटेवर पट्टा आणि ‘सोड’.

‘सोड’ शिकवायला घाणीपासून सुरुवात करायची नाही. साधा खाऊ मुठीत घट्ट धरा आणि मूठ तिच्यासमोर धरा. ती चाटेल, पंजा मारेल, चावेल. गप्प बसा. ज्या क्षणी नाक मागे घेईल, त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि दुसऱ्या हातातला, त्याहून चांगला खाऊ द्या. मुठीतला देऊ नका. पाच-सात वेळा करून थांबा, दिवसातून तीनदा. मूठ दिसली की तीच मागे सरायला लागली की मग ‘सोड’ हा शब्द जोडा. पुढे उघडा तळहात, मग जमिनीवर चपलेखाली झाकलेला तुकडा, मग उघडा तुकडा पण ती पट्ट्यावर, मग त्याच्याजवळून चालत जाणं. एका पायरीवर दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची. वाळक्या लेंड्यांची पाळी त्यानंतर, आणि तीही सुरुवातीला दोन-तीन मीटर लांबून.

वाटेवर तिची मान बघत चला. नुसतं हुंगत चाललेलं पिल्लू नाक हलवत राहतं. काही सापडलं की नाक एका जागी थबकतं, शेपूट स्थिर होते. ‘सोड’ तेव्हा म्हणायचं, तोंडात गेल्यावर नाही. तोंडात गेलंच, तर मागे धावू नका, तिच्यासाठी तो पाठशिवणीचा खेळ होतो. मूठभर खाऊ तिच्या पुढ्यात पण थोडा बाजूला फेका. ती टाकून तिकडे वळली तर उत्तम, गिळली तर गिळली. गुरगुर जाण्याचा रस्ताही हाच आहे. घरात एरवीही तिच्या तोंडात खेळणं किंवा चपाती असेल तेव्हा जवळून जाताना चिकनचा तुकडा टाकून पुढे निघून जा, काहीही काढून न घेता. माणूस जवळ येणं म्हणजे वाढावा, तोटा नाही, हे तिला आठवड्याभरात कळू लागतं.

हे बिघडतं कुठे, तेही सांगून ठेवतो. घरात एक जण ‘सोड’ म्हणतो, दुसरा ‘छी’, तिसरा ‘ए चिंगे’, आणि तिला एकही शब्द लागू होत नाही. खाऊ गिळल्यानंतर दिला जातो. पट्टा इतका लांब सोडलेला असतो की तो ताणेपर्यंत तीन लेंड्या पोटात गेलेल्या असतात. आणि काही पिल्लं भलतीच हुशार निघतात : मुद्दाम लेंडी उचलतात, टाकतात आणि खाऊसाठी तोंडाकडे बघतात. तसं दिसलं तर न उचलता पुढे गेल्याबद्दल जास्त आणि टाकल्याबद्दल कमी द्या.

मुसक्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. पिंजऱ्यासारखा, तोंड उघडून धापा टाकता येतील असाच चालतो. तोंड आवळणारा कापडी मुसका फलटणच्या उन्हात धोक्याचा. पिंजऱ्याच्या मुसक्यातूनही काही कुत्री नाक दाबून घाण आत घेतात, आणि मग धुवायचं काम तुमचं. आधीचे उपाय महिनाभर नेमानं करून मगच त्याचा विचार करा.

धाकट्याचं आणि तिचं तोडायची गरज नाही. तोंडाला तोंड लावणं बंद, जेवणाआधी आणि खेळून आल्यावर साबणानं वीस सेकंद हात, नखं कापलेली, आणि त्या वाळूत मुलानंही खेळायचं नाही. कुत्र्या-मांजरांच्या गोल जंतांची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात भटकतात, क्वचित डोळ्यापर्यंत पोचतात. मांजराच्या घाणीतून येणारा टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी जंतू गरोदर बाईला आणखी घातक. चिंगीनं घाण खाल्लीच तर ओल्या फडक्यानं तोंड पुसा, प्यायला पाणी द्या आणि तासभर मुलापासून लांब ठेवा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, मिठाची विषबाधा लेंडीपेक्षा वाईट. सासूबाईंना सांगायला एक खरं कारणही आहे : बरीच पिल्लं वर्षाची होईतो यातून आपोआप बाहेर पडतात, अट एवढीच की मधल्या काळात रोजचा सराव होऊ नये.

दोन गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. गोचिडांसाठी शेळ्यांना-गाईंना आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात, आणि त्यातलं बरंचसं औषध शेणातून, लेंड्यांतून बाहेर पडतं. कोली जातीच्या कुत्र्यांना ते फार बाधतं. गावठीला तितका धोका नसला तरी पिल्लानं पोटभर खाणं बरं नव्हे. शेजाऱ्यांना इंजेक्शनचा दिवस विचारून ठेवा आणि पुढचे दोन-तीन आठवडे पट्टा सोडू नका. चालताना झोकांडी, लाळ, थरथर, बाहुल्या मोठ्या झालेल्या दिसल्या तर लगेच दवाखाना. दुसरी गोष्ट म्हणजे एरंडीची पेंड. शेणखताबरोबर झाडांना घालतात, कुत्र्यांना तिचा वास आवडतो आणि तिच्यात रायसिन हे जीवघेणं विष असू शकतं. लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात, म्हणून खाल्लेली दिसली की उलटी-जुलाबाची वाट न पाहता न्या, पोतं किंवा लेबलही बरोबर घ्या. एरवी एखादी उलटी झाली तर घाबरू नका. वारंवार उलट्या, शीत रक्त, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या किंवा जेवण सोडून मलूल पडणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

राहिली दिवाळी. शेळ्यांच्या गोठ्याशेजारी आठ दिवस मोकळी ठेवलीत तर महिन्याची मेहनत वाहून जाईल. शक्य असेल तर शेजाऱ्यांनी तुमच्याच अंगणात येऊन तिला तीनदा जेवण द्यावं, शी उचलावी आणि पट्ट्यावर फिरवून आणावं. त्यांच्याकडेच ठेवायची असेल तर गोठ्यापासून लांब, सावलीत, पाण्याच्या भांड्याजवळ जागा ठरवा आणि जाण्याआधीच्या आठवड्यात रोज अर्धा तास तिथे नेऊन सवय करा. खाद्य मोजून आठ दिवसांच्या पुड्या बांधून द्या, म्हणजे कोणी अंदाजानं वाढणार नाही. खाऊचा डबा, डॉक्टरांचा नंबर आणि घरात ठरलेला ‘सोड’ हा शब्द त्यांनाही द्या. फटाक्यांच्या रात्री मात्र तिला बाहेर बांधू नका, आत एखाद्या बंद खोलीत ठेवायला सांगा.